शेजारच्या सीटपुढचा ब्रेक

मास्तरांचा उजवा पाय मास्तरांच्या मालकीचा राहिला नव्हता. बाकीचं शरीर त्यांचं होतं. पोटसुद्धा, नाइलाजाने का होईना, त्यांचंच होतं. पण उजवा पाय धंद्याने कायमचा ठेवून घेतला होता.

धंदा गाडी शिकवण्याचा. शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शेजारच्या सीटपुढे, मास्तरांसाठी. पहिला शोभेचा आणि दुसरा कामाचा, असं मास्तरांचं स्वच्छ मत होतं. समोर सायकल आली, दाब. कुत्रं आलं, दाब. कुत्रं येईल असं नुसतं वाटलं, तरी दाब. इतकी वर्षं शेकडो लोकांना गाडी शिकवून त्यांच्या गाडीवर एक साधा पोचा नव्हता. त्या गाडीकडे ते असे बघत, की लोकांना वाटावं पदक मिळालेला मुलगा उभा आहे.

पण सवय एकदा अंगात शिरली की गाडीतून उतरते थोडीच? मास्तर न्हाव्याच्या खुर्चीत बसले आणि वस्तरा कानाजवळ आला, की पाय खाली. लिफ्ट जरा जोरात उतरली, की पाय खाली. सिनेमात नायिका नको त्या माणसाशी लग्नाला तयार झाली, तेव्हा मास्तरांनी पुढच्या खुर्चीतल्या गृहस्थांची पिशवी चिरडली होती. मुलगी पहिल्यांदा पावलं टाकायला लागली तेव्हा हे समोर खुर्चीत बसून प्रत्येक पावलाला ब्रेक मारत होते. ती पडायची ती पडलीच. यांच्या पायात मात्र गोळा आला.

या मुलीचं घरातलं नाव भोंगा. जन्मल्या जन्मल्या तिने जो सूर लावला, तो ऐकून मास्तर म्हणाले होते, "हिला हॉर्न बसवायची गरज नाही." तेव्हापासून भोंगा. पुढे त्याच गळ्यातून चक्क गाणं निघालं आणि ती शाळेच्या समूहगानात गेली. बोलायला तर विचारू नका. शाळेतून आली की चपला काढायच्या आधी सुरू व्हायची. कोण कोणाशी भांडलं, कोण वर्गात झोपलं, कोणत्या बाईंची साडी कोणत्या पडद्यासारखी दिसते. मास्तर म्हणायचे, "अगं, जरा न्यूट्रलमध्ये ये."

आता ती सोळा वर्षांची होती आणि न्यूट्रलमध्ये आली होती. गेले काही महिने भोंगा वाजत नव्हता.

म्हणजे घरात होती, जेवत होती. निदान ताटातले पदार्थ एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेत होती. कानात ती इअरफोनची पांढरी बोंडं, तोंडावर "काही नाही", आणि जेवण झालं की खोलीचं दार. दार आपटत नसे, हेच मास्तरांना जास्त लागे. आपटलं असतं तर निदान राग आहे एवढं तरी कळलं असतं. हे दार अगदी हळू, कोणाला त्रास होऊ नये असं लागायचं. पहाटे मास्तर पाणी प्यायला उठले, तर त्या दाराखालून उजेड दिसायचा.

"तुला काही बोलते का ती?" मास्तरांनी बायकोला विचारलं. बायको एका दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर बसते. दिवसभर लोकांचं दुखणं ऐकायची तिला सवय.

"मला पण 'काही नाही'च मिळतंय," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा जरा गरम मिळतं, एवढंच."

"वय आहे, होईल बरोबर."

"वय माझंही झालंय. मी जेवण टाकून खोलीत जाते का? अहो, काहीतरी आहे. तिला सांगायचंय, पण कुठेतरी अडतंय."

ते कुठे अडतंय, हे मास्तरांना समजेना. गंमत अशी की, अर्ध्या गावाचं मन त्यांच्या गाडीत मोकळं होत असे. दोघं शेजारी शेजारी, दोघांची नजर रस्त्यावर, तोंडाकडे बघायचा प्रश्नच नाही. माणसं बोलत सुटायची. एका बँकेतल्या साहेबांनी चौकाला वळसा घालता घालता आपला मोडलेला संसार सांगितला होता. एक नवी नवरी पार्किंग शिकता शिकता ढसाढसा रडली होती. आणि मास्तर काय म्हणाले होते? "हं. आरशात बघा. हं. आता वळवा." एवढंच. ते सगळे मास्तरांना फार समजूतदार माणूस समजत. मास्तरांचं सगळं लक्ष चाकांकडे असे, हे त्यांना कुठे माहीत?

घरी मात्र चाकं नव्हती. घरी मास्तरांचं लक्ष सगळं मुलीकडे. आणि पाय टेबलाखाली.

त्या संध्याकाळी भोंगा जेवता जेवता अचानक म्हणाली, "मी समूहगान सोडणार आहे."

टेबलाखाली धप्प असा आवाज झाला.

"सोडणार? का? असं मध्येच सोडायचं नसतं," मास्तर म्हणाले. "या वर्षी तर तुला ते एकटीने म्हणायचं कडवं मिळालं. थोडा कंटाळा येतोच माणसाला. चढावर गाडी जरा मागे सरते, म्हणून कोणी गाडी सोडून पळतं का? हाफ क्लच धरायचा, हळूच..."

"अहो," बायको म्हणाली.

"नाही, मी फक्त सांगतोय."

भोंगाने मान वाकवून टेबलाखाली बघितलं. मग वर बघितलं. "बाबा, दाबलास."

"काय दाबलं?"

"ब्रेक."

ताट उचलून ती आत गेली. दार हळू लागलं.

मास्तर आपल्या पायाकडे बघत राहिले. पाय अजून खालीच होता. टाच वर, चवडा फरशीवर रोवलेला. त्यांनी तो उचलला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की फरशीचा तेवढा तुकडा बाकीच्या फरशीपेक्षा गुळगुळीत झालाय.

"पण मी काय चुकीचं बोललो?" त्यांनी विचारलं.

"चुकीचं काहीच नाही बोललात," बायको म्हणाली. "ती मात्र काहीच बोलली नाही."

यातलं मास्तरांना अर्धं कळलं. उरलेलं अर्धं केकमावशींनी समजावलं, आणि तेही न ठरवता.

केकमावशी या मास्तरांच्या त्या वेळच्या विद्यार्थिनी. साठीला आलेल्या, अंगाने भरपूर, आवाजाने त्याहून भरपूर. घरी केक करून विकायच्या. आजवर ते पोचवायला भाचा जायचा. भाच्याने लग्न केलं आणि केक पोचवण्याइतका रिकामा राहिला नाही, तेव्हा मावशींनी ठरवलं, आपणच गाडी शिकायची. त्या दिवशी त्या हातात मोठा खोका घेऊन आल्या.

"हा माझा परीक्षक," त्या म्हणाल्या. "आत केक आहे. मागच्या सीटवर ठेवते. गाडी फिरवून आणली आणि केक जागच्या जागी राहिला, तर मी पास."

"मावशी, केक घेऊन कोणी गाडी शिकतं का?"

"मास्तर, मला गाडी केकसाठीच शिकायचीय. रिकामी गाडी चालवून मी काय करू? तुम्हाला फिरवू?"

निघाल्या. आणि खरोखर छान चालवत होत्या. गिअर अलगद, वळणावर वेग कमी. मागे केक असा बसला होता, जणू पुढे कोणी गाडी चालवतंय हे त्याला ठाऊकच नाही. मावशी त्या नादात गुणगुणायला लागल्या. तेवढ्यात एका दुकानाच्या पायरीवरून एक कुत्रं उठलं. रस्त्यावर आलं नव्हतं हं. नुसतं उठलं. आळस दिला. रस्त्याकडे बघितलं.

मास्तरांचा पाय खाली गेला.

गाडी जागीच थांबली. मागून एक ओला, गुबगुबीत आवाज आला. पावसाळी बूट चिखलात पडावा तसा. केक खोक्याच्या भिंतीला जाऊन चिकटला होता. कुत्र्याने गाडीकडे जरा तुच्छतेने बघितलं आणि ते परत झोपलं.

मावशींनी हँडब्रेक ओढला, मागे वळून खोक्याचं झाकण उचललं, बंद केलं. मग म्हणाल्या, "मास्तर, हा केक कोणी पाडला?"

"कुत्रं आडवं आलं असतं तर?"

"कुत्रं मला दिसलं होतं. माझा पाय ब्रेककडे निघालाही होता. तुमचा आधी पोचला."

"तेच तर माझं काम आहे."

"असेल. पण इतके दिवस मी तुमच्याकडे येतेय आणि मला वेळेवर थांबता येतं की नाही, हे मला अजून ठाऊक नाही. कसं कळणार? मी चुकायच्या आधीच तुम्ही दाबता. खरं सांगू? आता मला चालवताना रस्ता दिसतच नाही. तुमचा पायच दिसतो. तो हलला की मी घाबरते. नाही हलला, तर आता हलेल म्हणून घाबरते."

आधी मास्तरांना राग आला, कारण गाडीवर पोचा नसलेल्या माणसाला हे ऐकायची सवय नव्हती. मग राग कुठेतरी सरकून गेला आणि त्या जागी घरची गुळगुळीत फरशी आली.

"मावशी," ते म्हणाले, "तुमची मुलं सोळा वर्षांची होती तेव्हा बोलायची का हो तुमच्याशी?"

"माझ्याशी कोण बोलतंय? मीच बोलायचे!" मावशी हसल्या. "पण केकवर क्रीम लावत असले की येऊन बसायची. तेव्हा मला मान वर करता येत नाही ना. मग बोलायची. मी आपली क्रीम लावतेय. हं म्हणतेय. काही ऐकून क्रीम वाकडं जायचं एखादे वेळी. पण मान नाही वर केली कधी."

तो चपटा केक मावशींनी मास्तरांच्याच गळ्यात घातला. "ज्याने पाडला त्याने खावा." मास्तरांनी तो घरी नेला आणि टेबलावर ठेवला.

भोंगा पाणी प्यायला आली आणि थबकली. "हे काय आहे?"

"केकमावशींचा केक होता. मी ब्रेक दाबला."

"कोणासाठी?"

"एक कुत्रं आळस देत होतं."

भोंगाच्या तोंडाचा एक कोपरा हलला. फार नाही. मास्तरांनी तो पाहिला आणि कधी नव्हे ते काहीही बोलले नाहीत. तिने बोटाने क्रीम चाटून बघितलं.

"मावशी ओरडल्या?"

"ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, मला रस्ता दिसत नाही, तुमचा पाय दिसतो." मास्तरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "तुलाही तसंच होतं का गं?"

भोंगाने पुन्हा क्रीम घेतलं. "आवाज येतो, बाबा. धप्प असा. मी काहीतरी म्हणायला जाते आणि तो आवाज येतो. मग मला वाटतं, जाऊ दे."

"मला तो थांबवता येत नाही. खरंच येत नाही. पायच ऐकत नाही."

"माहितीय."

"मग असं करू," मास्तर म्हणाले, आणि हे त्यांना त्याच क्षणी सुचलं होतं, "उद्या संध्याकाळी माझ्याबरोबर मैदानावर चल. गाडी मी चालवतो. तू माझ्या जागेवर बस. ब्रेक तुझ्याकडे."

"आणि मग लेक्चर?"

"लेक्चर सुरू झालं तर दाब."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती आली. येईल असं मास्तरांना वाटलं नव्हतं, म्हणून ते आधीपासून गाडी पुसत बसले होते. सरावाचं मैदान गावाबाहेर होतं. भोवती कुंपण, मध्ये रबरी शंकू, कोपऱ्यात एक खोटा चढ. सगळे विद्यार्थी गेले होते. मास्तर चालकाच्या जागी बसले आणि त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. आपल्याच घरात पाहुणा म्हणून आल्यासारखं. भोंगा शेजारी बसली. तिने पाय पुढे करून ब्रेक चाचपला.

गाडी चालली. पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने, मैदानाला वळसा घालत. मध्येच गचकन थांबली.

"मी काही बोललो नाही!" मास्तर म्हणाले.

"चालतो का बघितलं."

पुन्हा निघाले. एक फेरी झाली. दुसरी झाली. मास्तरांच्या जिभेच्या टोकावर सतरा प्रश्न उभे होते. ते त्यांनी एकामागून एक गिळले. शंकू येत होते, जात होते. कुंपणावर एक कावळा बसला होता. दर फेरीला तो यांच्याकडे बघायचा. खोट्या चढापाशी वळताना भोंगा म्हणाली, "ते कडवं मला मिळालं ना, त्यानंतर सगळ्याजणींनी माझ्याशी बोलणं बंद केलं."

"सगळ्याजणी म्हणजे तुझी ती मैत्रीण पण? ती तर आपल्याकडे..."

गाडी थांबली. मास्तरांची हनुवटी छातीला टेकली.

"सॉरी," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी गाडी सुरू केली.

"ती पण," भोंगा म्हणाली. "तिला ते कडवं हवं होतं. त्यांनी फोनवर नवा ग्रुप केला, माझ्याशिवाय. मधल्या सुट्टीत मी वाचनालयात बसते. आणि सरावाला..." ती खिडकीबाहेर बघायला लागली. "सरावाला मी गातच नाही. नुसते ओठ हलवते. कधीपासून. गाण्याच्या बाईंच्यासुद्धा लक्षात आलेलं नाही."

ज्या पोरीचा आवाज प्रसूतिगृहाच्या फाटकापर्यंत यायचा, ती नुसते ओठ हलवत उभी राहते. "मी उद्याच शाळेत येतो आणि त्या मुख्याध्यापिकेला..."

या वेळी गाडी अशी थांबली की इंजिन बंद पडलं. कावळा उडाला.

"बाबा! मी तुला हे सोडवायला सांगितलं का?"

"नाही."

"मी नुसतं सांगतेय."

"हं," मास्तर म्हणाले. त्यांनी किल्ली फिरवली. बँकेतल्या साहेबांना म्हणायचे तसाच हा 'हं' होता. पण हा मणभर जड होता, त्यांना तो उचलावा लागला.

मग ती बोलत राहिली. झोप येत नाही. आली तर सकाळी अंग इतकं जड होतं, की ब्रश उचलणंसुद्धा काम वाटतं. सगळे काचेच्या पलीकडे असल्यासारखे दिसतात. अंधार पडायला लागला तसे मास्तरांनी दिवे लावले. उजेडात शंकू येत होते आणि जात होते.

"कधी कधी वाटतं," ती म्हणाली, "की सकाळ झालीच नाही तर बरं."

मास्तरांनी गाडी स्वतः थांबवली. अगदी हळू. मागे केक असता, तर हललाही नसता. हात स्टिअरिंगवरच राहू दिले, नजर समोर. हा एकच प्रश्न त्यांनी गिळला नाही. तिने कितीही ब्रेक दाबला असता तरी ते विचारणारच होते.

"बाळा, म्हणजे मरावंसं वाटतं का तुला? खरं काय ते सांग. मी रागावणार नाही आणि घाबरून काही भलतं करणार नाही."

ब्रेक दाबला गेला नाही.

"नाही," ती म्हणाली. "तसं नाही. मरायचं नाहीये मला. फक्त दमलेय. खूप दमलेय, बाबा." आणि मग ती रडली. भोंग्यासारखी नाही, बारीक, पण आवाज करून. मास्तरांनी हात पुढे केला. तिने तो धरला. उजवा पाय काय करत होता, हे मास्तरांना पुढे कधी आठवलं नाही.

"तसं कधी वाटलं, अगदी थोडंसं जरी वाटलं, तर मला उठवायचं. कितीही वाजलेले असोत."

"हं."

"आईला सांगायचं का आपण हे?"

"तू सांग. मला पुन्हा सगळं सांगायला नको वाटतंय." तिने नाक पुसलं. "शाळेत एक समुपदेशक बाई आहेत. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले."

"मी येऊ बरोबर?"

"दारापर्यंत ये. आत नको."

घरी गेल्यावर मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं. ती उठून मुलीच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. ती तिच्या पलंगाच्या कडेला बसली आणि धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत राहिली. त्यांतले निम्मे कपडे आधीच घडी घातलेले होते.

समुपदेशक बाईंनी शाळा सुटल्यानंतरची वेळ दिली. मास्तर आणि बायको व्हरांड्यातल्या बाकावर बसले. आतून आवाज येत नव्हता. बाकासमोर बंद दार, दारावर बाईंच्या नावाची पाटी. मास्तर ती पाटी वाचत होते. संपली की पुन्हा वाचत होते. धप्प. धप्प.

"अहो, फरशी फुटेल. शाळेची आहे."

"मी काय करू? पाय ऐकत नाही."

बायकोने आपली भलीमोठी पर्स उचलली आणि त्यांच्या पायावर ठेवली. पर्समध्ये काय असतं हे मास्तरांना लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही. पण वजन पुष्कळ होतं. पाय राहिला.

दार उघडलं. भोंगा बाहेर आली. डोळे लाल होते, पण मान वर होती. "पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय," एवढंच म्हणाली. आणि गाडीपाशी आल्यावर कोणाला न विचारता शेजारच्या सीटवर जाऊन बसली. बायको मागे बसली, जिथे केक बसला होता तिथे.

मास्तरांनी पट्टा लावला, आरसा नीट केला, किल्ली हातात घेतली. आणि राहवलं नाही.

"मग, काय म्हणाल्या बा..."

धप्प.

गाडी अजून सुरूसुद्धा झाली नव्हती. मागून बायकोचं हसू ऐकू आलं. भोंगाचा पाय ब्रेकवर होता आणि तोंडाचा तो कोपरा हलला होता. या वेळी जरा जास्त.

"घरी गेल्यावर सांगते," ती म्हणाली. "चल आता. आरशात बघ."

"हं," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी आरशात बघितलं.